पावणेदोन एकरांतला ट्रॅक्टर

बलिप्रतिपदेच्या दिवशी आमच्या कल्याण-अंबरनाथकडच्या गावांतून बैलांना न्हाऊमाखू घालून, अंगावर रंगाचे ठसे उठवून आणि गळ्यात झेंडूच्या माळा घालून संध्याकाळी पेटत्या पेंढ्यावरून उडवीत असत. चिखलोलीस माझ्या लहानपणी हा सोहळा पाहावयास घराघरातून बायकापोरे बाहेर येत. कोणाचा बैल न बिचकता उडाला आणि कोणाचा दाव्यासकट उलटा पळाला याची चर्चा भाऊबीज उलटून गेली तरी संपत नसे. आमच्या घरची शेवटची जोडी २००४ साली गेली. पुढे काही वर्षे पाडव्याला अंगण सुनेच राही. हल्ली तेथे माळ पडते ती ट्रॅक्टरच्या तोंडावर. आगीवरून त्याला नेण्याची टूम नातवाने एकदा काढली होती. पोटात डिझेल घेतलेल्या जनावराला आगीवरून उडवू नये, एवढे मी त्याला समजावून सांगितले.

बैल गेले आणि ट्रॅक्टर आला, असे एका वाक्यात सांगून मोकळे होता येते. परंतु मध्ये शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो मी निवृत्त झाल्यावर, ट्रॅक्टर नादुरुस्त होऊन पडला असता, दुसरा उद्योग नव्हता म्हणून वाचला. माझा पेशा कारखान्यातील फिटरचा, इतिहासकाराचा नव्हे. तेव्हा वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

गावाच्या नावातच चिखल आहे. त्याची व्युत्पत्ती तज्ज्ञांनी ठरवावी, पण आमच्या शेतीचा सगळा जीव चिखलात आहे हे मात्र खरे. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधल्या या पट्ट्यात भाताची खाचरे लहान, बांध उंच आणि पाऊस उदंड. मृगाच्या आधी राब भाजावयाचा, म्हणजे झाडांचा टहाळ, पालापाचोळा आणि शेण पसरून ते पेटवावयाचे आणि त्या भाजलेल्या जागी बी पेरावयाचे. रोपे हातभर झाली की खाचरात पाणी कोंडून चिखलणी करावयाची आणि मग लावणी. या राबापायी ठाणे जिल्ह्यातले शेतकरी इंग्रज सरकारच्या जंगल खात्याशी पूर्वी चांगलेच भांडलेले आहेत. टहाळ तोडण्यावर निर्बंध आले तेव्हा ओरड एवढी झाली, की १८८५ साली सरकारला मुंबई इलाख्यासाठी एक जंगल कमिशन नेमावे लागले. ट्रॅक्टरच्या गोष्टीत हे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईल.

चिखलणी म्हणजे नुसता चिखल करणे नव्हे. पाण्याखालची माती फिरफिरून नांगरली की ती लोण्यासारखी मऊ होते, तण गाडले जाते, आणि खाली वीतभरावर एक घट्ट थर बसतो. हा थर पाणी खाली जाऊ देत नाही. वर्षानुवर्षांच्या बैलांच्या खुरांनी आणि लाकडी नांगराच्या फाळाने तो तयार झालेला असतो. खाचर पाणी धरते ते या थराच्या जोरावर. आजोबांना यातले शास्त्र ठाऊक नव्हते, पण कोणी खोल नांगरू लागला तर ते ओरडत, एवढे मला आठवते. त्या ओरडण्याचा अर्थ मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळला, आणि तोही खर्च करून.

यंत्राची गोष्ट महाराष्ट्रात सुरू होते ती लोखंडी नांगरापासून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते असे शेतकरी म्हणत, आणि पहिले थोडेसे नांगर खपावयासही फार दिवस लागले. पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडल स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर देशावर घरोघर पोहोचला. आमच्या कोकणपट्टीत मात्र तो फारसा रुळला नाही. देशावरच्या काळ्या रानात चार-सहा बैल जुंपून ओढावयाचे ते अवजार. आमचे बैल अंगाने लहान, आणि गुडघाभर चिखलात जड लोखंड ओढणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे. विषाची समजूत खुळी होती, पण आमचे लाकडी नांगर टिकले ते खुळेपणाने नव्हे, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर ट्रॅक्टर आला तो सरकारी लवाजम्यासह. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे सोडलेले ट्रॅक्टर भारत सरकारने घेतले, केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारली, आणि मध्य भारतात काँस नावाच्या हट्टी गवताने ग्रासलेल्या जमिनी मोकळ्या करण्याचे काम तिच्याकडे दिले. काँसाची मुळे इतकी खोल, की बैलांच्या नांगराने ती फक्त छाटली जात आणि पुन्हा जोमाने फुटत. ऑगस्ट १९४९ मध्ये जागतिक बँकेने आपल्या देशाला पहिले कर्ज दिले ते रेल्वेसाठी. पुढच्याच महिन्यात दुसरे दिले, १ कोटी डॉलरांचे, ते या काँसाविरुद्धच्या ट्रॅक्टरांसाठी. त्याच ऑगस्टच्या ८ तारखेस, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा घेतलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाले. लष्कराने सोडलेल्या बराकींत माणसे राहू लागली आणि लष्कराने सोडलेल्या यंत्रांनी शेते नांगरली जाऊ लागली. युद्धाचा असा उपयोग झालेला क्वचितच पाहावयास मिळतो.

१९५१ साली साऱ्या देशात मिळून ट्रॅक्टर होते सुमारे साडेआठ हजार. १९६१ साली सुमारे ३१ हजार, आणि तेही बहुतेक परदेशांतून आलेले. राजस्थानात सुरतगड येथे १९५६ साली सोव्हिएत रशियाने भेट दिलेल्या यंत्रांवर प्रचंड सरकारी शेत सुरू झाले. फरिदाबादेस १९५९ साली आयशर कंपनीने जर्मन सहकार्याने देशातला पहिला ट्रॅक्टर बांधला. १९६१-६२ या वर्षात भारतात तयार झालेल्या ट्रॅक्टरांची एकूण संख्या होती ८८०. आज वर्षाला आठ-नऊ लाख ट्रॅक्टर आपल्या देशात विकले जातात आणि जगात सर्वांत अधिक ट्रॅक्टर बनविणारा देश आपला आहे, हे वाचताना त्या ८८० चे मला विशेष कौतुक वाटते.

१९६३ साली महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागी करून मुंबईतच, कांदिवलीला, ट्रॅक्टरचा कारखाना काढला. तेथून बाहेर पडलेला ३५ अश्वशक्तीचा ‘बी-२७५’ पुढे पंजाबपासून नाशिकपर्यंत सर्वत्र दिसू लागला. आमच्या गावावरून तो यायला मात्र उशीर झाला. मी पहिला ट्रॅक्टर पाहिला तो शेतात नव्हे, रस्त्यावर. बदलापूरकडच्या वीटभट्टीच्या विटा वाहून नेत होता. आजही आमच्या भागात दहा ट्रॅक्टरांपैकी आठ विटा, रेती, पाण्याची टाकी नाही तर गणपती वाहताना दिसतील. कुळंबी-आगऱ्याच्या पोराने ट्रॅक्टर घेतला म्हणजे तो शेतीसाठीच घेतला असे समजण्याचे कारण नाही.

शेतीसाठी सरकारने आमच्याकडे दुसराच मार्ग धरला होता. बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात जपानी भातशेतीचे प्रयोग झाले आणि १९५३ सालापासून त्या पद्धतीचा देशभर प्रचार सुरू झाला. गादीवाफ्यावर रोपे करा, बी थोडे वापरा, दोरी धरून ओळीत लावा, खत द्या आणि ओळींतून हातकोळपे फिरवा. यात ट्रॅक्टरचे नाव नव्हते. लहान खाचराचा आणि माणसाच्या हाताचा विचार होता. माझ्या वडिलांनी एक वर्ष दोरी धरून लावणी केली. लावणीच्या बाया हसून बेजार झाल्या, पण त्या खाचरात भात बरे आले असे वडील सांगत. पुढल्या वर्षी दोरी धरावयास माणूस मिळाला नाही आणि जपानी पद्धत आमच्यापुरती संपली. इकडे कर्जतला १९१९ सालापासूनचे भात संशोधन केंद्र आहे; तेथल्या वाणांनी मात्र आमच्या घरात कायमचा मुक्काम केला.

जमीन आमची झाली तीही याच सुमारास. वडील कूळ होते. १९४८ च्या कुळकायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. मग ‘३२ ग’ खाली किंमत ठरणे, हप्ते भरणे आणि शेवटी ‘३२ म’ चा दाखला मिळणे. या आकड्यांना आमच्या घरात देवाच्या नावांइतका मान होता. दाखला पत्र्याच्या पेटीत, आईच्या लग्नातल्या शालूखाली असे. चार तुकडे मिळून पावणेदोन एकर. त्या जमिनीवर आमचे पोट कधीच पुरते भरले नाही. पावसाळ्यात भात, त्यावर ओलीत वाल, वरकस तुकड्यावर गवत, आणि बाकीचा संसार कारखान्याच्या पगारावर. अंबरनाथला कारखाने भरपूर असल्याने आमच्यासारखी अर्धी शेतकरी, अर्धी कामगार घरे येथे शेकड्याने झाली.

निवृत्त झालो तेव्हा दोन मार्ग होते. दादाने सरळ सांगितले, शेत खंडाने दे आणि स्वस्थ बस. मला स्वस्थ बसता येत नाही. शिवाय पस्तीस वर्षे यंत्रे दुरुस्त केलेल्या माणसाच्या हातांना एकाएकी काही नसले म्हणजे ते घरातले पंखे आणि नळ उघडू लागतात. आमच्या मंडळींनी तीन महिने ते सोसले आणि मग म्हणाल्या, “तुमाला काय पायजे ते घ्या, पण माझ्या मिक्सरला हात लावू नका.” मी नाशिककडे जाऊन एक जुना, ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेऊन आलो.

हिशेब कोणी विचारू नये. पावणेदोन एकराला ३५ अश्वशक्ती म्हणजे चहाच्या कपाला कढईचे झाकण. परंतु बैलांचाही हिशेब फार वेगळा नव्हता. जोडी वर्षातून चाळीस दिवस राबे आणि तीनशे पासष्ट दिवस खाई. ट्रॅक्टर उभा असताना खात नाही, ही त्याची मोठी बढाई. मात्र तो शेणही देत नाही. जे. सी. कुमारप्पांसारखे गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ यांत्रिक शेतीकडे साशंकपणे पाहत, तेव्हा पुष्कळ लोक त्यांना हसत असतील. मला त्यांची आठवण राब भाजण्याच्या दिवसांत झाली. टहाळ तोडावयास रान उरलेले नाही, आणि शेणासाठी गोठा नाही. ज्या राबासाठी पणजोबांच्या पिढीने सरकारशी भांडण मांडले, तो राब आमच्या घरी बैलांच्या पाठोपाठ गेला. आता गादीवाफा करतो. म्हणजे वडिलांची जपानी पद्धत साठ वर्षांनी मागील दाराने परत आली.

पहिल्याच आषाढात माझी फजिती झाली. जुना ट्रॅक्टर मोठ्या खाचरात घातला आणि मध्यावर तो रुतला. मागचे चाक फिरे तसे खाली जाई. फिटरची अक्कल चालवून मी दोन्ही मागच्या चाकांना साखळीने एक ओंडका आडवा बांधला, की तो चाकाखाली जाऊन पकड मिळेल. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि पुढची चाके हळूच वर उचलली गेली. क्षणभर मला काही उमगेना. समोर बांध दिसावयाचा तो मलंगगडाचा माथा दिसू लागला. पाय आपोआप क्लचवर गेला म्हणून ट्रॅक्टर पुन्हा खाली आपटला आणि मी हा लेख लिहावयास उरलो. बांधावर उभ्या असलेल्या आमच्या मंडळी एक शब्द बोलल्या नाहीत. छत्री मिटून घरी गेल्या. दोन दिवस घरात कोणी बोलले नाही.

तेव्हा मी वाचावयास बसलो आणि कळले की याच रीतीने जगात पुष्कळ ट्रॅक्टरवाले प्राणास मुकले आहेत. इंजिन मागचा आस फिरवू पाहते. चाक फिरले तर ट्रॅक्टर पुढे जातो. चाक घट्ट अडकले तर आस फिरत नाही, आणि मग उलट ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो, म्हणजे तोंड वर करून चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. हेन्री फोर्डचा ‘फोर्डसन’ १९१७ साली निघाला तेव्हा स्वस्ताईमुळे तो खूप खपला, पण मागे ओढत नेलेला नांगर दगडाला अडला की तो असाच उभा राही. आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने याचा विचार केला. नांगर साखळीने ओढण्याऐवजी त्याने तो तीन दांड्यांनी ट्रॅक्टरशी जोडला: दोन खाली, एक वर. नांगराला अडथळा आला की वरची दांडी ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबते. शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. त्यामुळे यंत्र हलके करता आले. त्याचा करडा लहान ट्रॅक्टर १९४६ पासून दहा वर्षांत इंग्लंडात पाच लाखांहून अधिक तयार झाला, आणि आज जगातल्या जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीशी त्या तीन दांड्या आहेत. माझ्याही होत्या. पण चाकाला ओंडका बांधणाऱ्या शहाण्यापुढे तीन दांड्यांचा इलाज चालत नाही.

दुसरे नुकसान उशिरा कळले. रुतलेल्या जागी जड चाकांनी तो वीतभर खालचा घट्ट थर फोडला होता. पाऊस उघडला की त्या खाचरातले पाणी दोन दिवसांत जिरून जाई, शेजारच्या खाचरात मात्र आठ दिवस टिके. आजोबा का ओरडत ते तेव्हा समजले. तो कोपरा पुन्हा पाणी धरू लागण्यास चार पावसाळे लागले.

मग मी लहान ट्रॅक्टर घेतला. गुजरातेत राजकोटकडे पंधरा अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर होतात, त्यांतला. जपानात लहान खाचरांसाठी हातात धरून चालवावयाचा पॉवर टिलर निघाला आणि १९६० नंतरच्या दशकात तो आपल्याकडे दक्षिणेत बनू लागला. आमच्या भागालाही तोच सर्वांत योग्य असे माझे मत आहे. परंतु त्याच्यामागे चिखलातून दिवसभर चालावे लागते, आणि साठीच्या पुढच्या गुडघ्यांनी त्यास नकार दिला. लहान ट्रॅक्टरला चिखलणीच्या वेळी रबरी चाकांबरोबर लोखंडी पिंजऱ्याची चाके लावली की तो रुतत नाही, आणि मागचा रोटाव्हेटर माती घोटून देतो. बैलांना जे चार दिवस लागत ते एका सकाळीत होते. बांधाचे कोपरे मात्र अजून कुदळीनेच करावे लागतात. मोठा ट्रॅक्टर विकावा असा ठराव घरात तीनदा झाला आहे. तो पडवीत उभा आहे. उन्हाळ्यात त्याचे इंजिन उघडून पुन्हा बसवणे हा माझा विरंगुळा आहे आणि त्यामुळे मिक्सर सुरक्षित आहे.

माझे शेत एका सकाळीत उरकते, म्हणून बाकीचे दिवस मी दुसऱ्यांची खाचरे चिखलून देतो. पहिल्या वर्षी अशी एकवीस खाचरे होती. यंदा सहा. जमिनी गेल्या. २०१४ साली कुळकायद्याच्या कलम ४३ ची परवानगीची अट सैल झाली; ‘३२ म’ चा दाखला मिळून दहा वर्षे झाली असली की ठरावीक नजराणा भरून जमीन विकता येऊ लागली. ज्या कागदाने वडील मालक झाले त्याच कागदाने विक्रीची वाट मोकळी केली, याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. ज्याच्या घरी दोन मुलींची लग्ने आहेत त्याला पाऊण एकरावरच्या भाताचे महत्त्व मी सांगू शकत नाही. पलीकडे मोरिवली-चिखलोलीची औद्योगिक वसाहत आहे, अलीकडे इमारती आहेत, आणि कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या रेल्वेमार्गाबरोबर अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये ‘चिखलोली’ नावाचे स्थानक मंजूर झाले आहे. १८५६ साली या मार्गावरून गाडी गेली तेव्हापासून ती आमच्या गावापाशी थांबत नव्हती. आता थांबेल तेव्हा उतरणाऱ्याला चिखल दिसेल की नाही, शंका आहे.

एक गृहस्थ दर महिन्याला मोटारीतून येतात. भला माणूस आहे; चहा घेतो, ट्रॅक्टरची चौकशी करतो आणि गुंठ्याचा भाव सांगून जातो. भाव दर खेपेस वाढलेला असतो. मागल्या खेपेस त्याने सांगितलेला आकडा ऐकून मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला आणि उभा राहिला. तो काही बोलला नाही; मीही नाही. रात्री जेवताना त्याने विचारले, “आबा, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. पुढे हा ट्रॅक्टर चालवणार कोण?” मी म्हटले, “शिकवतो.” तो हसला, पण दुसऱ्या रविवारी आला आणि बसला. बांधाजवळ वळताना त्याने ब्रेक एकाच बाजूचा दाबावयास हवा होता तो दोन्ही बाजूंचा दाबला, आणि रोटाव्हेटरने बांधाचा हातभर तुकडा खाल्ला. तो बांध मी कुदळीने पुन्हा घातला.

शेजारी एक आजी आहेत. त्यांचे पंधरा गुंठे मी चिखलतो, आणि त्या भात झोडल्यावर पायलीभर तांदूळ आणून देतात. पैसे घेत नाही म्हणून त्या रागावतात. यंदा म्हणाल्या, “पुढल्या वर्षाला सांगून ठेव, येशील ना?” मी होय म्हणालो. वसुबारसेपर्यंत त्यांचे भात कापून झाले. आमचे एक खाचर अजून उभे आहे, कारण परतीच्या पावसाने ओल सुटली नाही. पाडव्याला माळ घालावयाची ती लहान ट्रॅक्टरला घालावी की मोठ्याला, यावर नातवाचे आणि माझे एकमत झालेले नाही. दिवाळी झाली की त्या खाचरात वाल टाकावयाचे आहेत, आणि त्याआधी गिअरचे तेल बदलले पाहिजे.